काकांची दोन प्रकाशवर्षांची चूक

संक्रांत होऊन दोन दिवस झाले होते. सकाळी सात वाजता सुधामावशीचा फोन आला, तेव्हा मी खारघरच्या आमच्या सोसायटीच्या गेटपाशी उभा राहून, माझ्या पार्किंगमध्ये दुसऱ्याच कुणाची गाडी कशी काय उभी राहते या विषयावर वॉचमनला तावातावाने भाषण देत होतो. मावशी म्हणाली, "मिलिंद, तुझे काका उठत नाहीयेत रे. चहा दोनदा गरम केला." एवढंच. आवाजात रडू नव्हतं, तक्रार होती… पेपर वाचताना हाक मारली तर हा माणूस ओ देत नाही, त्या जातीची नेहमीची तक्रार. मी स्कूटरला किक मारली. नेरुळला पोचलो तेव्हा चहा तिसऱ्यांदा निवला होता आणि दत्ताकाका, म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, वय वर्षं शहात्तर, एका कुशीवर शांत झोपलेले होते. उशाशी चष्मा, चष्म्याखाली लाकडी पट्टी आणि पट्टीखाली ताऱ्यांची यादी. झोप लागण्यापूर्वी आपण कुठल्या ओळीपर्यंत आलो ते सकाळी शोधत बसावं लागू नये, म्हणून ते पट्टी ठेवत. डॉक्टर आले, त्यांनी काकांना तपासलं, मान हलवली. मग मावशीला भोवळ आल्यासारखं झालं म्हणून तिचंही ब्लडप्रेशर घेतलं आणि सवयीने विचारलं, "तुमचं वय काय, आजी?" अशा वेळीसुद्धा मावशी डोळे मिटूनच म्हणाली, "माझं नक्की कुणालाच माहीत नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं. मी आयुष्यभर असल्याच गोष्टी लक्षात ठेवलेल्या नाहीत.

काका बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत अभिलेख कक्षात होते. साध्या भाषेत रेकॉर्ड रूममध्ये. जुन्या फायली लाल कापडात बांधून ठेवतात, त्या गाठोड्याला तिथे 'रुमाल' म्हणतात. असे हजारो रुमाल आणि त्यांच्यामध्ये काका, नाकाला फडकं बांधून. कुणी कुठलाही कागद मागितला की काका उठायचे, शिडी लावायचे, हात घालायचे आणि शिडीवरूनच म्हणायचे, "आहे जागेवर." अख्ख्या नोकरीत त्यांनी एकाही अर्जावर 'आढळून येत नाही' असा शेरा मारला नाही, हा त्यांचा एकमेव गर्व. "कागद हरवत नाही रे," ते म्हणत, "तो दुसऱ्या रुमालात असतो, इतकंच." निवृत्त झाल्यावर त्यांनी सात-आठ वर्षं सोसायटीचं सचिवपद केलं. पण बी विंगच्या गळतीची तक्रार तीन प्रतींत हवी, शिवाय मागच्या तक्रारीचा जावक क्रमांक नमूद हवा, असा आग्रह त्यांनी धरला आणि पावसाळा संपायच्या आत सभासदांनी त्यांना सन्मानाने, म्हणजे शाल देऊन, घरी बसवलं. घरी बसलेला रेकॉर्ड कीपर किती धोकादायक असतो ते मावशीला विचारा. त्याने मसाल्याच्या डब्यांना क्रमांक दिले. हिंग अडुसष्ट बटे दोन होता.

तारे त्या घरात माझ्या चुकीमुळे आले. माझ्या मुलीला शाळेच्या प्रकल्पासाठी दहा ताऱ्यांची माहिती हवी होती. एका उपग्रहाने आकाश मोजून तयार केलेली ताऱ्यांची मोठी यादी नेटवर फुकट मिळते, असं मला कळलं. मी ऑफिसात ती उघडली, शंभर प्रकाशवर्षांच्या आतले तारे तेवढे निवडले, आपण फार हुशार आहोत असं मला वाटलं, आणि पहिलं पान छापायचं म्हणून जे बटण दाबलं ते 'सगळं' या शब्दावरचं होतं. जेवायच्या सुट्टीत प्रिंटर जो सुरू झाला तो थांबेना. साहेब येऊन शेजारी उभे राहिले. एक पान उचलून त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "कुठल्या क्लायंटचं आहे हे?" तो गठ्ठा ऑफिसात ठेवणं शक्य नव्हतं आणि घरी बायकोला दाखवणं त्याहून अशक्य होतं. म्हणून संध्याकाळी नेरुळला जाऊन तो काकांपुढे ठेवला. "रद्दीत टाका," म्हणालो. काकांनी पहिल्या पानावरून बोट फिरवलं. ओळीमागून ओळी, प्रत्येक ओळीला क्रमांक, प्रत्येक क्रमांकापुढे रकाने… दहा मिनिटं त्यांचं बोट रकान्यांवरून उतरत राहिलं. मग मावशीला म्हणाले, "अगं, घरात लाल कापड आहे का?"

पुढच्या रविवारी गेलो तर माझ्या रद्दीचे नीट बांधलेले रुमाल झाले होते आणि मावशीच्या एका परकराचा शेवट झाला होता. काकांनी मला समोर बसवून यादी वाचायला शिकवली. मी विज्ञानाचा पदवीधर, पण ते सोडा. "हे बघ, हा क्रमांक. हा कधी बदलत नाही. हे दोन आकडे विषुवांश आणि क्रांती, म्हणजे ताऱ्याचा पत्ता. आपला गट नंबर असतो ना जमिनीचा, तसा. ही दृश्यप्रत, म्हणजे किती तेजस्वी दिसतो ते. वर्गातल्या नंबरासारखं आहे, आकडा जितका लहान तितका तारा ठळक. सहावा नंबर म्हणजे मागच्या बाकावरचा, मास्तरांना दिसत नाही. आणि हे लंबन." लंबनावर आले की काकांचा आवाज खाली यायचा. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तेव्हा तारा इवलासा सरकल्यासारखा दिसतो, ते सरकणं म्हणजे लंबन. एसटीतून जाताना जवळचा खांब सर्रकन मागे पळतो आणि लांबचा डोंगर आपल्याबरोबर चालत राहतो, तसं. सरकणं जितकं कमी, तितका तारा लांब. तीन हजार दोनशे बासष्टला यादीतल्या लंबनाने भागलं की अंतर निघतं, प्रकाशवर्षांत. पण काका खरे भाळले होते ते पुढच्या रकान्यावर. आपल्या मोजण्यात चूक किती असू शकेल, ते ती यादी प्रत्येक आकड्याशेजारी स्वतःच लिहून ठेवते. "प्रामाणिक यादी आहे," काका म्हणाले. "मी इतक्या साहेबांच्या हाताखाली काम केलं. माझी चूक एवढी असू शकते, असं शेजारी लिहून सही करणारा एक दाखव मला."

या माणसाला आकाशाची मात्र अजिबात ओढ नव्हती, हे सांगायला हवं. त्यांचं सगळं तारे पाहणं सकाळी दहा ते बारा, डायनिंग टेबलवर, पंखा बंद करून, कारण पानं उडतात. नेरुळच्या आभाळात एरवीही विमानं आणि बांधकामांवरचे लाल दिवे सोडून फारसं काही चमकत नाही. मी काकांच्या सत्तरीला हौसेने एक दुर्बीण नेऊन दिली. त्यांनी ती गॅलरीत लावली, एकदा डोळा लावून पाहिलं, म्हणाले, "आभाळ आहे." आणि दुसऱ्या दिवसापासून त्या दुर्बिणीतून समोरच्या विंगच्या टाकीचा फ्लोट दिसू लागला. टाकी भरून वाहायला लागली की काका इकडून पंपवाल्याला फोन करायचे. म्हणजे मी दिलेल्या दुर्बिणीने पाणी वाचवलं, खगोलशास्त्राला तिचा काही उपद्रव झाला नाही. मी चिडून म्हणालो, "काका, एकदा तरी वर बघा ना!" तर ते शांतपणे म्हणाले, "बघायला कशाला पाहिजे? यादीत आहे ना."

मग त्यांनी वाढदिवसाची कार्डं सुरू केली आणि आमच्या सगळ्या नातेवाइकांत काका प्रसिद्ध झाले. कल्पना साधी होती. तुम्हाला त्रेचाळीस पूर्ण झाली, तर त्रेचाळीस प्रकाशवर्षांवरचा तारा तुमचा. त्याचा आज पोचलेला उजेड तुमच्या जन्माच्या वर्षी तिकडून निघालेला असतो. काका लंबनाचा रकाना चाळून तो तारा काढायचे आणि जाड पांढऱ्या कार्डावर शाईने लिहायचे: नाव, पूर्ण झालेली वर्षं, तारा क्रमांक, नक्षत्र, दृश्यप्रत, अंतर. खाली शेरा: 'सदर प्रकाश आपल्या जन्मवर्षी निघाला असून आज प्राप्त झाला आहे. पोच द्यावी.' आणि पोच खरोखर द्यावी लागे. माझ्या पुण्याच्या आतेभावाने दिली नाही, तर त्याला स्मरणपत्र क्रमांक एक आणि दोन गेलं. प्रत्येक कार्डाची दुसरी प्रत काकांच्या लाकडी खणात, नाववार.

माझ्या त्रेचाळिसाव्या वाढदिवशी मला ब्रह्महृदय मिळाला. आकाशातल्या पहिल्या दहांत बसेल असा दणदणीत तारा. मी ते कार्ड ऑफिसात टेबलावर लावलं आणि महिनाभर छाती काढून हिंडलो, जणू त्रेचाळीस वर्षांचा होण्यात माझंच काही कर्तृत्व होतं. पुढच्या वर्षी जे कार्ड आलं त्यावरच्या ताऱ्याला नावसुद्धा नव्हतं. नुसता क्रमांक, दृश्यप्रत सातच्या पुढे. मी तक्रार घेऊन नेरुळला गेलो. "काका, ही सरळ सरळ पदावनती आहे. जरा इकडेतिकडे करून एखादा बरा तारा बघा ना. शेजारी चुकीचा रकाना आहेच की." काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू एखाद्या सातबाऱ्यावर खाडाखोड करायला सांगितली होती. "चुकीचा रकाना तुझ्या सोयीसाठी नाही," ते म्हणाले. "तुझा उजेड जिथून निघाला तिथूनच निघाला." मी पोच देऊन परत आलो.

शिरवण्याचे म्हात्रे हे काकांचे सकाळी फिरायला जाण्यातले मित्र. घराणं मिठागरावरचं, माणूस मोकळा. आपला जन्म कधीचा हे त्यांना ठाऊक नव्हतं. "आय सांगायची, बांध फुटला न मोठी भरती घरान आली, त्या सालान तू झाला," एवढाच पुरावा. काकांनी जुन्या ओळखी काढल्या, बेलापूरला चार फेऱ्या घातल्या, बांध फुटल्याच्या नुकसानीचा एक पंचनामा शोधला आणि आठ दिवसांत म्हात्र्यांच्या हातात कार्ड ठेवलं. म्हात्रे कार्ड घेऊन सोफ्यावर बसले ते उठेचनात. "आमचा बा तारे बघून जाली टाकायचा, दत्ताभाव, पन त्याला ताऱ्यांचा लंबर नाय लागला कवा. न माझा जल्म जो आयसला धड नाय सांगता आला, तो तुमी फायलीतून काढला हाय!" मावशी पोह्यांच्या बशा घेऊन आत येत होती. ती तिथूनच म्हणाली, "काढतील, काढतील. जगाचा जन्म काढतील. बायकोचा तेवढा दहा वर्षं सापडत नाहीये."

कारण मावशीचं कार्ड नव्हतं. अख्ख्या खणात फक्त तिचाच कप्पा रिकामा. मावशीच्या कागदावर जन्मतारीख एक जून. तिच्या पिढीतला निम्मा महाराष्ट्र एक जूनला जन्मलाय, शाळेत नाव घालताना मास्तर तीच तारीख टाकायचे. पण मावशीचं तर सालही नक्की नव्हतं. कागदोपत्री ती काकांपेक्षा तीन वर्षांनी लहान. मात्र विचारलं की हात उडवून म्हणायची, "तेव्हा कोण लिहून ठेवत होतं!" दर एक जूनला आम्ही श्रीखंड-पुरी खायला जमायचो आणि कुणीतरी विचारायचंच, "काका, यंदा मावशीचा तारा?" काका पुरी तोडत, अगदी कोऱ्या चेहऱ्याने सांगत, "प्रकरण प्रलंबित आहे. जन्मवर्षाबाबत खात्री होत नाही." मी एकदा म्हणालो, "मग कागदावरच्या वयाचा देऊन टाका ना!" काका म्हणाले, "खोटा तारा द्यायचा?" आणि मावशी घाईघाईने, "मला नकोच तो, मिलिंद. तू पुरी घे." तिचे काळेभोर केस तेव्हा पंख्याखाली चमकत असायचे. महिन्यातून दोन शनिवार मावशी खांद्यावर जुना टॉवेल घेऊन बसायची आणि केसांचा रंग काका वाटीत कालवून द्यायचे. प्रमाण चुकू नये म्हणून.

खरं तर काकांनी शोध घेतला होता. यादी घरात यायच्या बरंच आधी, मावशीला महापालिकेचं ज्येष्ठ नागरिक कार्ड काढायचं होतं, तेव्हा शाळेचा दाखला आणायला काका एकटेच तिच्या माहेरी, वाईजवळच्या गावी, गेले होते. संध्याकाळी परतले ते हातात पाव किलो पेढे घेऊन. मी तिथेच होतो. मावशीने दारातच विचारलं, "मिळाला?" तिचा चेहरा तेव्हा पांढरा पडला होता, आणि मला वाटलं, उन्हाने. काका चप्पल काढत म्हणाले, "नाही. रजिस्टर वाळवीने खाल्लंय. आढळून येत नाही." मी पेढा तोंडात टाकला आणि मनात म्हटलं, अरे वा, काकांनाही एक कागद सापडला नाही तर! यापलीकडे माझी बुद्धी गेली नाही. दाखला मिळाला नाही तर पेढे कसले, हा प्रश्नसुद्धा मला पडला नाही. पेढे चांगले होते.

काकांचा स्वतःचा वाढदिवस दसऱ्याच्या आसपास. स्वतःचं कार्ड ते स्वतःच करायचे आणि ते मात्र खणात न ठेवता फ्रिजच्या दारावर, आंब्याच्या आकाराच्या चुंबकाखाली लावायचे. वर्षभर तिथे राहायचं, नवं आलं की जुनं खणात जायचं. चार-पाच वर्षांपूर्वी फ्रिजमधून पाण्याची बाटली काढताना मी ते नीट वाचलं आणि आनंदाने ओरडलोच. इतक्या वर्षांत मला काकांची पहिली चूक सापडली होती! वर्षं लिहिली होती एकाहत्तर आणि तारा होता त्र्याहत्तर प्रकाशवर्षांवरचा. "काका, भागाकार चुकला! दोन वर्षांनी लांबचा तारा घेतलात!" काका टेबलावर पान दुमडत होते. म्हणाले, "असू दे. जवळपास आहे." मी म्हणालो, "जवळपास? माझ्या वेळी अर्ध्या प्रकाशवर्षाची सवलत दिली नाहीत! चुकीचा रकाना काढून बघा, त्यात दोन बसत नाहीत." तर ते म्हणाले, "सगळ्या चुका रकान्यात बसत नाहीत, मिलिंद." मावशी ओट्यापाशी पाठमोरी होती. भांडी घासता घासता म्हणाली, "म्हातारे झाले आता. चालायचंच." आणि मी, गेल्या पाच वर्षांत, ही गोष्ट प्रत्येक लग्नात आणि मुंजीत सांगितली. काकांची दोन प्रकाशवर्षांची चूक! लोक हसायचे. काकाही हसायचे, जरा जास्तच.

शेवटची भेट संक्रांतीची. तिळगूळ घेतला, आणि ते एकदम म्हणाले, "पुढच्या दसऱ्याला आपल्या घरी मघा येणार." मघा म्हणजे सिंह राशीतला ठळक तारा, लहान मुलालाही दिसेल असा. मी हिशेब केला. "काका, मघा एकोणऐंशीवर आहे. तुम्ही पुढच्या दसऱ्याला सत्त्याहत्तर. पुन्हा दोनाचा घोळ!" काका मावशीकडे पाहत म्हणाले, "आगाऊ आरक्षण समज. हे तारे घेऊन घेऊन कंटाळा आला. सगळे मागच्या बाकावरचे. एकदा तरी चांगला मिळू दे." मावशी म्हणाली, "कुणाला?" काका म्हणाले, "घराला." मग त्यांनी तिळगुळाचा दुसरा लाडू घेतला आणि तिने डब्याचं झाकण लावलं, कारण साखर… दोन दिवसांनी तो फोन.

आता या लेखाचं. पुरवणीसाठी काकांवर लिहायचं ठरलं तेव्हा गेल्या आठवड्यात मी वही घेऊन नेरुळला गेलो. मावशी दिवाणावर बसली होती. सव्वा महिन्यात तिने केसांना रंग लावला नव्हता, आणि भांगापासून बोटभर पांढरी पट्टी सरळ मागे गेली होती. कालवून द्यायला कुणी नाही, असं मला वाटलं. म्हणून मी घाईने कामाचं विचारलं, "मावशी, लग्न झालं तेव्हा काका चोवीसचे ना? आणि तू एकवीसची?"

मावशी वहीकडे बोट दाखवत म्हणाली, "हे छापून येणार?"

"येणार."

"मग खोटं नको छापू. मी सव्वीसची होते."

मी वहीतलं एकवीस खोडलं.

"दोन वर्षांनी मोठी मी त्यांच्यापेक्षा. आमच्याकडं सव्वीस म्हणजे घोडनवरी. दोन स्थळं वयावरून मोडली होती. सासूबाईंना तर सून लहानच पाहिजे होती. आमचे दादा, म्हणजे तुझे आजोबा, म्हणाले, पत्रिका हरवली म्हणून सांगू आणि पोरगी एकवीसची. मग काय… एकदा एकवीस म्हटलं की दर वर्षी हिशेब ठेवूनच म्हातारं व्हायला लागतं बघ." ती पदराशी चाळा करत होती. "जन्म सगळा माहितीय मला. फाल्गुन शुद्ध पंचमी, दिवेलागणीला. त्यांनी ताऱ्यांचं खूळ काढलं तेव्हापासून दर एक जूनला जीव मुठीत धरून पुऱ्या तळल्यात मी. सापडला तर काय म्हणतील? सगळं आयुष्य फसवलं म्हणतील. आणि आता वाटतं, सांगून टाकायला हवं होतं रे. बिचारे शोधत शोधत गेले. एवढा शोधणारा माणूस… माझा एक तारा तेवढा त्यांना मिळाला नाही."

मी मान खाली घातली, मग वर केली, आणि समोर फ्रिज होता. आंब्याखाली कार्ड होतं. काकांचं अक्षर: वर्षं पूर्ण, शहात्तर. अंतर, अठ्ठ्याहत्तर प्रकाशवर्षं.

माझं डोकं हळू चालतं, पण एकदा चाललं की आवाज होतो. मी उठलो, खण उघडला, काकांच्या नावाचा कप्पा काढला. दहा कार्डं. सहासष्टला अडुसष्टचा तारा. सदुसष्टला एकोणसत्तरचा. दर वर्षी दोन, न चुकता दोन. मी ती कार्डं मावशीच्या मांडीवर एकेक करून मांडली आणि म्हणालो, "मावशी, तू सहासष्टची कधी झालीस ते सोड. काका सहासष्टचे झाले तेव्हा तू किती होतीस?"

"अडुसष्ट," मावशी म्हणाली. आणि मग तिचं बोट पहिल्या कार्डावर गेलं. दुसऱ्यावर गेलं. तिसऱ्यावर थांबलं.

"दाखला मिळाला होता त्यांना," मी म्हणालो. "वाळवी-बिळवी काही नाही. तुला दिला असता तर तुला कळलं असतं, की त्यांना कळलंय. म्हणून स्वतःच्या नावावर घेत राहिले. दर वर्षी तुझाच तारा लावत होते फ्रिजवर."

मी रडण्याची तयारी ठेवली होती. रुमालही काढला होता, खिशातला. मावशी ताडकन उभी राहिली. "म्हणजे माहीत होतं?" ती फ्रिजकडे वळून म्हणाली. "माहीत होतं आणि दर दुसऱ्या शनिवारी रंग कालवून देत होते? वर 'कानामागे राहिलाय' म्हणून दाखवत होते? अहो, इतकी वर्षं माझं डोकं खाजलं त्या रंगानं!" मग ती हसायला लागली. मग हसता हसता दिवाणावर बसली, तोंडावर पदर घेतला, आणि बराच वेळ तो पदर हलत होता… मी पाणी आणायला आत गेलो आणि गरजेपेक्षा जास्त वेळ आत थांबलो. परत आलो तेव्हा ती नाक पुसत म्हणाली, "पेढे! तरी मी म्हटलं होतं, पेढे कसले?"

हे छापू का, असं मी तिला दोनदा विचारलं. "छाप की," मावशी म्हणाली. "आता कोण माझं लग्न मोडायला बसलंय?"

फाल्गुन शुद्ध पंचमी परवा झाली. मी संध्याकाळी ऑफिसातून थेट नेरुळला गेलो. काकांची पट्टी घेतली, सिंह राशीची पानं असलेला रुमाल सोडला, ओळीवर ओळ उतरत मघा काढली. लंबन एक्केचाळीस पूर्णांक एक. तीन हजार दोनशे बासष्टला भागायला मी मोबाइल काढला, तर मावशी म्हणाली, "कागदावर कर." कागदावर केलं. तीनदा चुकलं. एकोणऐंशी आलं. जाड पांढरं कार्ड घेऊन मी वर नाव लिहिलं, सुधा, आणि विचारलं, "वर्षं?"

"एकोणऐंशी पूर्ण," मावशी म्हणाली. "ठळक लिही."

खाली शेरा लिहिला, पोच द्यावी, आणि कार्ड तिच्या हातात दिलं. तिने ते चष्मा लावून, चष्मा काढून, दोन्ही प्रकारे वाचलं. काकांचं जुनं कार्ड न काढता त्याच्याच शेजारी, त्याच आंब्याखाली अडकवलं. मी म्हणालो, "मावशी, हा दिसतो बरं का. तुमच्या गॅलरीतून पूर्वेला, औद्योगिक पट्ट्याच्या दिव्यांच्या जरा वर. आठ वाजता अगदी ठळक. चल, दाखवतो."

"बघायला कशाला पाहिजे?" मावशी म्हणाली. "यादीत आहे ना."

तिने वरणाला फोडणी दिली, कोशिंबीर केली, माझं पान वाढलं. भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजून पाच मिनिटं झाली, तेव्हा ती हात पुसत म्हणाली, "तू बस हं. जरा कपडे काढून आणते." आणि गॅलरीत गेली. मी मान वाकडी करून पाहिलं. दोरीवर एकही कपडा नव्हता. मावशी त्या रिकाम्या दोरीखाली, माझ्या दुर्बिणीला एका हाताने बाजूला सारून, मान वर करून उभी होती.

पाच-सात मिनिटांनी ती रिकाम्या हाताने आत आली, गॅलरीचं दार लावलं, आणि माझ्या पानात तूप वाढता वाढता म्हणाली, "आहे जागेवर."